फळांचं सारण ओव्हनमध्ये बाहेर येतं तेव्हा

डिसेंबर लागला की वाई-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी पुण्यात गल्लोगल्ली दिसायला लागते आणि आमच्या घरी ओटीजीचा ट्रे घासायचा हंगाम सुरू होतो. सलग तीन वर्षं मी स्ट्रॉबेरी भरलेल्या कुकीज केल्या आणि तिन्ही वर्षं तेच झालं. आत ठेवताना गोल, गुटगुटीत, तोंडं नीट मिटलेली. आठव्या-नवव्या मिनिटाला काचेतून डोकावावं तर एकीच्या कुशीतून लाल बुडबुडा फुगतोय. तो फुटतो, बारीक धार ट्रेवर उतरते, चर्र आवाज येतो. मग तिची शेजारीण, मग पलीकडची. पंधराव्या मिनिटाला घरभर जळक्या साखरेचा वास, बटर पेपरवर काळीलाल डबकी आणि आतून पोकळ कुकीज. खायला वाईट नव्हत्या. पण डब्यात घालून कुणाच्या हातात द्यायची सोय नव्हती.

पहिल्या वर्षी मी खापर ओव्हनवर फोडलं. १८० अंशांचं १६० केलं. सारण चार मिनिटं उशिरा बाहेर आलं, बाकी काही नाही. दुसऱ्या वर्षी सारण कमी भरलं, जेमतेम अर्धा चमचा. तेही आलंच, वर कुकी खाताना स्ट्रॉबेरी शोधत बसावं लागलं. तिसऱ्या वर्षी पारी जाड केली. ती आत कच्ची राहिली आणि सारण नेहमीसारखं शिवणीतून निघालं.

नंतर होळीला पुरण आटवत उभी होते. डाव कढईत मधोमध खोचला, तो उभा राहिला, गॅस बंद केला. आणि तिथेच ट्यूब पेटली. पुरण सैल असेल तर पोळी लाटायच्या आतच फुटते, हे मला माहीत. मोदकाच्या सारणाला पाणी सुटलं तर पारी फाटते, हेही माहीत. करंजीत ओलसर सारण भरलं तर तेलात काय गोंधळ होतो तो मी एका दिवाळीत पाहिलाय. आणि हीच मी, चमच्यावरून घरंगळणारा जॅम मैद्याच्या पारीत भरून १८० अंशांत ढकलत होते. पदार्थाचं नाव ‘कुकी’ असलं की आपण घरची अक्कल दारातच काढून ठेवतो की काय, कोण जाणे.

नेमकं काय होतं

स्ट्रॉबेरीत साधारण ९१ टक्के पाणी असतं, अननसात ८६, आंब्यात ८३च्या आसपास. जॅम केल्यावर त्यातलं बरंच उडतं, तरी चांगल्या घट्ट जॅममध्येही तिसरा हिस्सा पाणीच उरतं. पोळीला लावायला ते ठीक आहे. बंद पारीच्या आत मात्र ते पाणी उकळायला लागतं, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती दीड लिटरहून जास्त जागा मागते. पारीच्या आत ती जागा कुठून येणार? त्याच वेळी पारीतलं बटर वितळलेलं असतं आणि मैदा अजून धरलेला नसतो. म्हणजे आतून दाब आणि बाहेरून लोण्यासारखी मऊ भिंत. सर्वात कमजोर जागा शिवणीची, तिथून वाट निघते.

इथे एक गोष्ट लक्षात आली की पुढचं सगळं सोपं होतं. साखर जितकी दाट, तितकं ते मिश्रण उशिरा उकळतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, जॅम साधारण १०५ला. तुम्ही सारण कढईत ज्या तापमानापर्यंत आटवलंत, त्याच्या खाली ते ओव्हनमध्ये पुन्हा उकळत नाही. कुकीचं पोट भाजून होईतो शंभरीच्या थोडं पुढेमागे पोचतं. सारण आधीच १०८-११० अंशांपर्यंत आटवलेलं असेल तर ते आत गप्प बसून राहतं. ओव्हनचं बटण किती फिरवलं याचा इथे फारसा संबंध येत नाही, कारण पोटातलं तापमान बटणावरच्या आकड्यापर्यंत कधी जातच नाही.

एका रविवारची परीक्षा

मनाची खात्री करायला एका रविवारी एकाच ट्रेवर चार तऱ्हा लावल्या. बटर पेपरच्या मागच्या बाजूने पेन्सिलीने १, २, ३, ४ लिहिलं, प्रत्येकी तीन कुकीज, पारी एकच, वजन एकच. पहिल्या रांगेत बाजारचा मिक्स्ड फ्रूट जॅम. दुसरीत घरचा स्ट्रॉबेरी जॅम, नेहमीसारखा. तिसरीत तोच जॅम परत आटवून घट्ट केलेला. चौथीत तिसऱ्यासारखाच, पण गोळ्या करून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलेला.

पहिल्या रांगेतल्या तिन्ही वाहून गेल्या, त्यातही एकीने तर सगळं पोट रिकामं केलं. दुसरीतल्या दोन गेल्या, एक वाचली. तिसरीतली एकच जरा ओघळली, तीही माझ्या हातून शिवण नीट न मिटल्यामुळे. सारण कडेला मण्यासारखं थबकून राहिलं, धार लागली नाही. चौथी रांग दृष्ट काढावी अशी. फ्रीझरमधल्या गोळीला तापायला वेळ लागतो, तोवर पारी बाहेरून धरते. पण एक सांगते, पातळ जॅम नुसता गोठवून भरला तर काम भागत नाही. तेही करून पाहिलंय. तो दोन मिनिटं उशिरा पळतो, पळतो मात्र नक्की.

बाजारच्या जॅमबद्दल कुणी विचारेल म्हणून: बेकऱ्या जे वापरतात ते वेगळं असतं. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात ‘बेक स्टेबल’ लिहिलेले सारणाचे डबे असतात, त्यातलं पेक्टिन, म्हणजे फळाला घट्ट धरून ठेवणारा घटक, उष्णता सोसणारं असतं. पोळीवर लावायचा जॅम गरम झाला की वितळतो, तो तसाच बनवलेला असतो. त्यात त्याचा दोष नाही.

किती आटवायचं: कढईसकट वजन करा

डोळ्याने अंदाज घेण्यात मी फसले होते, कारण गरम सारण नेहमी पातळच दिसतं. आता सरळ वजनकाटा वापरते. रिकामी कढई तोलून आकडा फ्रिजवर लिहून ठेवलाय, माझी ६१० ग्रॅमची आहे. त्यात ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, २५० ग्रॅम साखर. म्हणजे आत ७५० ग्रॅम ऐवज. तो ३७० ग्रॅमवर आला, म्हणजे कढईसकट काटा ९८० दाखवायला लागला, की झालं. थोडक्यात निम्मं. नुसता जॅम हवा असता तर मी ४२०-४३०वर थांबले असते; फरक या शेवटच्या पन्नास ग्रॅम पाण्याचा आहे, आणि ट्रेवर सांडत होते ते हेच पन्नास ग्रॅम. अननसालाही निम्म्याचा हिशोब चालतो. आंब्याच्या रसात साखर कमी घालतो, तेव्हा तो निम्म्याच्याही थोडा खाली आणावा लागतो. पसरट कढई घ्या. उभ्या पातेल्यात तेच काम करायला दुप्पट वेळ लागतो आणि फळाचा रंग काळवंडतो.

वजनकाटा नसेल तर पाकाची भाषा वापरा, ती आपल्याला येतेच. जॅम हा साधारण एकतारीचा मामला. सारणाला दोनतारीपर्यंत न्यायचं, गोळीबंदच्या अलीकडे थांबायचं. थर्मामीटर असेल तर मुंबईत १०८-११० अंश बघा. पुण्यात मात्र त्यातून दोन वजा करा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथे पाणीच ९८ला उकळतं, त्यामुळे सगळे आकडे दोनने खाली सरकतात. मी मुंबईच्या बहिणीचा आकडा गाठायच्या नादात एकदा स्ट्रॉबेरीची चिक्की केली होती. महाबळेश्वरात बसून हा उद्योग करणार असाल तर चार-साडेचार अंश कमी धरा.

आणि कसलंच साधन नसेल तर पुरणाची खूण आहे. कढईच्या तळावरून उलथनं ओढलं की मागे रस्ता उमटतो. तो लगेच बुजला तर जॅम. तीन-चार सेकंद उघडा राहिला तर सारण.

लिंबू विसरू नका. अर्ध्या किलो फळाला एका लिंबाचा रस, उकळी आल्यावर घाला. इतकं दाट आटवलेलं सारण नुसत्या साखरेचं असेल तर गार झाल्यावर त्यात खडे धरतात, दाताखाली कचकच लागतं. लिंबाच्या आंबटपणाने साखर फुटते आणि खडे धरायचं टळतं. शिवाय स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी. मी एक पिकायला आलेला, अजून कडक असलेला पेरू बारीक किसून तिच्याबरोबर शिजवते. कुणाला कळतसुद्धा नाही, सारण मात्र छान धरतं.

कॉर्नफ्लावरची युक्ती बऱ्याच जणी सांगतात. त्याच दिवशी खायचं असेल तर चालते. दुसऱ्या दिवशी ते पाणी सोडतं आणि कुकी खालून ओली होते, म्हणून मी ती कधीच सोडून दिली. आईने सुचवलेला भाजलेला रवा त्यापेक्षा बरा; करंजीतल्यासारखा चमचाभर रवा सारणात मिसळला की सुटलेलं पाणी तो पितो. अंजिरात तो खपून जातो. स्ट्रॉबेरीत मात्र रवाळ लागतो आणि रंगही मळकट दिसतो.

सारण गार झाल्यावर, कुकीज वळायला बसायच्या आधी, त्याचा एक चमचा बटर पेपरवर ठेवून ओव्हनमध्ये १७० अंशांना दहा मिनिटं ठेवा. ढीग ढीगच राहिला तर पुढे जा. थापी झाली तर परत कढईत. एवढ्या दहा मिनिटांनी माझे कितीतरी घाणे वाचवलेत.

कोणतं फळ त्रास देतं, कोणतं देत नाही

स्ट्रॉबेरीचं वर आलंच. सगळ्यात हट्टी तीच.

पेरू हा या कामातला राजा. गोव्यात नाताळच्या फराळात पेराद असतं, पेरूचं चीज म्हणतात ते. वसईकडच्या ख्रिस्ती घरांतही होतं. पेरू उकडून, गाळून, जवळजवळ तेवढ्याच साखरेत घोटत राहायचं, कडा सोडून गोळा फिरायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या. पेरूत पेक्टिन भरपूर, आटवणं आधीच झालेलं, त्यामुळे ही वडी ओव्हनमध्ये मऊ होते पण वाहत नाही. कुणी गोव्याहून पेराद आणलं तर घरच्यांच्या नजरेआड ठेवा, बोटभर पट्ट्या कापा आणि सरळ पारीत गुंडाळा. पहिल्यांदाच फळ भरलेल्या कुकीज करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच घाण्यात यश मिळालं की पुढचं करायला हुरूप येतो.

आंब्याच्या बाबतीत कोकणाने आपलं काम आधीच करून ठेवलंय. आंबापोळी, काही जण तिला साठ म्हणतात, म्हणजे उन्हात पाणी काढून टाकलेला आमरसच. ती पारीइतकीच लाटीवर पसरायची, सुरनळी करायची, फ्रीजमध्ये कडक करून सुरीने चकत्या कापायच्या. आत केशरी चक्र दिसतं आणि बाहेर एक थेंब येत नाही. फणसपोळीचंही असंच करता येतं, मात्र वास सगळ्यांना झेपत नाही. डबाबंद आमरस वापरणार असाल तर त्यात बहुधा साखर आधीच असते; डब्यावर बघून आपली साखर कमी करा, नाहीतर सारण गिळगिळीत गोड होतं.

अननस किसून, मूठभर मूठभर पिळून घ्या आणि तो रस सरळ पिऊन टाका. तोच रस कढईत तासभर आटवत बसण्यात काही शहाणपण नाही. पिळलेल्या किसाला साखर, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. पिळल्यावर निम्म्याचा हिशोब लागू पडत नाही, तिथे उलथन्याचा रस्ता बघायचा. धागे असल्यामुळे हे सारण एकमेकांना धरून राहतं.

अंजीर घ्यायचं ते सुकं. पुरंदरच्या ताज्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आहेच तसं, पण त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते फोडून तसंच खावं, आटवून त्याचा अपमान करू नये. सुकं अंजीर कोमट पाण्यात दहाच मिनिटं भिजवून, निथळून, मिक्सरला फिरवलं की सारण तयार, गॅस पेटवायचीही गरज नाही. रात्रभर भिजवलं तर पुन्हा पहिल्या घरी येता. अमेरिकेत अंजीर भरलेली ‘फिग न्यूटन’ १८९१ पासून यंत्रावर होतात. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावाचं नाव त्यांना मिळालं. फळं म्हटल्यावर सफरचंदवाला न्यूटन आठवतो, त्याचा इथे संबंध नाही.

खजूर तर विचारूच नका. बिया काढलेला मऊ खजूर चमचाभर तुपात परतला, वेलची टाकली, झालं. आखातात ईदला करतात तो मामूल याच जातीचा: रव्या-तुपाची पारी, आत खजूर, नक्षीच्या लाकडी साच्यात दाबून काढलेला. दुबईहून आलेल्या मैत्रिणीच्या डब्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो मोदकाच्या साच्याचा लांबचा भाऊ वाटला. त्याच्या पोटातून सारण का निघत नाही, ते आता सांगायला नको.

पारीचं गणित

पुरणपोळीचा एक नियम इथे जसाच्या तसा लागतो: कणीक आणि पुरण सारख्या मऊपणाचं हवं. सारण कडक आणि पारी लुसलुशीत असेल तर मिटताना सारण एका बाजूने पारी फाडतं. उलटं असेल तर दाबताना सारण पुढे पळतं. गोठवलेली गोळी भरत असाल तर पारीही फ्रीजमधून काढून पाचच मिनिटं झालेली हवी.

माझं प्रमाण हे: २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बटर, ८० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा बलक, चिमूट मीठ. अंडं चालत नसेल तर बलकाऐवजी दोन चमचे दूध. बेकिंग पावडर, सोडा काही नाही. उघड्या कुकीत सोडा शोभतो. बंद कुकीत तो पारी पसरवतो, भिंत पातळ करतो आणि सारणाला दार उघडून देतो. एका कुकीला २० ग्रॅम पारी, १० ग्रॅम सारण. लोभाने १५ भरलं की ती फुटणार, यात दयामाया नाही.

घरच्या सायीचं लोणी वापरणाऱ्यांनी ते थंड पाण्यात दोनदा धुऊन, मळून पाणी काढावं. विकतच्या बटरमध्ये चरबी किमान ८० टक्के असते. घरच्या लोण्यात ताक किती अडकलंय याचा भरवसा नसतो. ते ताक पिठाला चिवट करतं आणि भाजताना स्वतःची वाफ सोडतं. तुपात करायच्या तर नानखटाईसारखी पारी होते, चवीला उत्तम, पण बंद करताना तडकते. तुपाची पारी मी फक्त खजुरासाठी ठेवलीय.

बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. मे महिन्यात पुण्यातल्या स्वयंपाकघरात तेवढं तापमान दुपारी सहज असतं, म्हणजे कुकी ओव्हनमध्ये जायच्या आधीच निम्मी वितळलेली असते. उन्हाळ्यात सकाळी सहाला नाहीतर रात्री करा. वळून झालेल्या कुकीज ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हे टाळू नका, बाकी काय वाटेल ते टाळा.

आता एक तक्रार जी माझ्याकडे सर्वात जास्त येते: “पहिला घाणा मस्त झाला, दुसरा पसरला.” पीठ तेच, सारण तेच, ओव्हन तोच. बदललेली गोष्ट एकच, ट्रे. पहिल्या घाण्यातून निघालेल्या गरम ट्रेवर थंड कुकी ठेवली की तिचं बूड ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळतं, कुकी बसते, शिवण उघडते. तव्यावर पोळी टाकायच्या सवयीने आपल्याला गरम ट्रेच बरा वाटतो. दुसरा ट्रे नसेल तर पहिला उलटा धरून नळाखाली गार करा, पुसा, मगच कुकीज मांडा. काळा ट्रे असेल तर दोन बटर पेपर घाला, तो बूड लवकर करपवतो.

शिवण आणि भोक

लाटताना लावलेलं कोरडं पीठ शिवणीत राहिलं की ती दिसायला मिटते, प्रत्यक्षात मिटत नाही. करंजीच्या कडेला दूध लावतो तसं ओलं बोट फिरवा, मग चिमटा. तिथे सारणाचा डाग लागला असेल तर आधी पुसून घ्या. साखरेवर काही चिकटत नाही. शिवण खाली करून ठेवा.

आणि वर टाचणीने किंवा काट्याने एक भोक पाडा, सारणापर्यंत जाईल असं. हे करायला मन धजत नाही, माझंही धजत नव्हतं. पण वाफेला तुम्ही दार दिलं नाहीत तर ती स्वतः पाडते, आणि तिला तुमच्यासारखी बारीक टाचणी सापडत नाही. १७० अंश, मधला कप्पा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १६ ते १८ मिनिटं. ओटीजीच्या बटणावर माझा विश्वास नाही. आत लटकवायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की माझा ओव्हन बटणावर १७० ठेवलं की आत १९०ला बसलेला असतो.

उघड्या कुकीज: अंगठ्याच्या खळग्यातल्या

वर खळगा करून जॅम घातलेल्यांचं दुखणं वेगळं. तिथे वाफ मोकळी असते, पण खळगा भाजताना उथळ होतो आणि जॅम कडेवरून उतरतो. काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांश पुरे. दहाव्या मिनिटाला ट्रे बाहेर ओढून मापाच्या चमच्याच्या पाठीने खळगे परत दाबा, जॅम तेव्हा घाला आणि शेवटची पाच-सहा मिनिटं भाजा. सुरुवातीपासून आत राहिलेला जॅम वरून चामड्यासारखा होतो, दाताला चिकटून येतो. दाबताना कडा चिरतात त्याचं कारण पीठ जास्त गार असतं. दहा मिनिटं ओट्यावर ठेवा, तळव्यात फिरवा, मग दाबा.

दुसऱ्या दिवशी मऊ पडतात

यावर पूर्ण इलाज नाही, हे आधीच कबूल करते. सारणात पाणी जास्त, पारीत कमी. दोन्ही समान होईतो पाणी सारणातून पारीत जात राहतं. दाट सारणाने ही चाल मंदावते, थांबत नाही. अंजीर-खजुराच्या तर मऊच छान लागतात, दुसऱ्या दिवशी जास्त. खुसखुशीतच हव्या असतील तर खळग्याच्या कुकीज कोऱ्या भाजा, डब्यात ठेवा आणि द्यायच्या दिवशी गरम सारण चमच्याने घाला. खळग्यात वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा हात फिरवला तर आणखी एक-दोन दिवस मिळतात. डबा भरायच्या आधी जाळीवर तासभर पूर्ण गार होऊ द्या, आणि फळाच्या कुकीज शंकरपाळ्यांच्या डब्यात ठेवू नका. शंकरपाळेही मऊ पडतात आणि मग घरात दोन्हींवरून बोलणी खावी लागतात.

एवढं करूनही एखादी फुटलीच तर ट्रे बाहेर काढल्या काढल्या, सारण गरम असतानाच, तिच्याभोवती वाटी उपडी ठेवून गोल गोल फिरवा. ओघळ परत कडेला चिकटतो आणि कुकी गोल दिसते. गार झाल्यावर हे जमत नाही. ट्रेवर वाळलेली साखर तारेच्या घासणीने खरवडू नका, ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतून जेवण होईपर्यंत तसाच ठेवा, सगळी विरघळून निघते.